तुरीची मर आणि चाळीस वर्षांची राखण

बिदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात तुरीला मर लागली की ती बहुतेकदा उशिराच ध्यानात येते. पीक फुलात असतं, शेंगा धरू लागतात आणि ऐन भरात एखादी फांदी मान टाकते. बुडापासून वर चढणारा जांभळट पट्टा दिसतो. साल सोलली की आत काळ्या रेघा. फ्युजेरियम बुरशी मातीत दबा धरून असते, मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते. मग वरून कितीही फवारा, उपयोग शून्य.

या रोगावरचं काम बिदरपासून शंभरेक किलोमीटरवर उभं राहिलं. 1972 साली पटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आली. तिथे यशवंत नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्याला वेडेपणा वाटावा असा उद्योग केला: मुद्दाम रोगट रान तयार केलं. मेलेल्या झाडांची खोडं बारीक करून मातीत गाडली, हमखास बळी पडणारी तूर पुन्हा पुन्हा पेरली आणि बुरशी वाढवली. त्या जमिनीत शेकडो वाण पेरायचे आणि जो तगेल तो उचलायचा, अशी ही परीक्षा.

त्या परीक्षेतून पार झालेल्यांत महाराष्ट्रातल्या गावरान तुरीतून निवडलेली आयसीपी 8863 होती. 1980च्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकात ती ‘मारुती’ या नावाने आली. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत उत्तर कर्नाटकातल्या तुरीच्या निम्म्याहून अधिक रानावर तीच होती. सरकारी शिफारशीची वाट न पाहता ती सीमेपलीकडे महाराष्ट्रात आणि आंध्रातही गेली. भालकी-औरादचे पाहुणे उदगीर-देवणीला, आळंदचे उमरग्याला. बियाण्याची पिशवी सोयरिकीच्या वाटेनेच फिरते.

पण त्याच वाटेवर वाणाची धारही बोथट होते. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात, शेजारच्या रानातला पराग आणतात. घरचं बी चार-पाच हंगाम फिरलं की त्यात भेसळ होते आणि मर न लागण्याचा गुण पातळ होत जातो. त्यात तुरीला भाव आला तसं ज्वारीबरोबरचं पट्ट्यांचं पीक मागे पडलं, सलग तूर वाढली. ज्वारीच्या सोबतीने मर कमी राहते, हे प्रयोगांतही दिसलेलं होतं.

म्हणून खरं काम पडलं ते कलबुर्गीच्या कृषी संशोधन केंद्रावर. आधी धारवाड आणि नंतर रायचूर कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने लवकर येणारी, मर सोसणारी टीएस-3आर दिली. पुढे जीआरजी-811 आणि जीआरजी-152 दिल्या. शेंडे खुडणं, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, फुलोऱ्यात ‘पल्स मॅजिक’ या पोषक मिश्रणाची फवारणी, बिदरकडे रोपं लावून घेतलेली तूर अशी कामं विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रांनी बांधापर्यंत नेली. ऑगस्ट 2019 मध्ये ‘गुलबर्गा तूर डाळी’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

मधल्या काळात आफ्रिकेतही इक्रिसॅटची तूर पोचली होती. मर सोसणारी आयसीईएपी 00040 मलावीत ‘कचांगू’ म्हणून आणि टांझानियात ‘माली’ म्हणून रुजली. जुलै 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला: एक लाख टनांपासून 2020-21 पर्यंत दोन लाख टनांपर्यंत. त्याच हंगामात इथे तुरीचं उदंड पीक आलं आणि बाजारभाव 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. रोगाशी झुंजायला संशोधन पुरतं. बाजाराशी झुंजायला ते कामी येत नाही, हा धडा कलबुर्गी आणि लातूरच्या आडतीवर शिकायला मिळाला.

2022 च्या पावसाने पुढचा धडा दिला. रानात पाणी साचलं, मर उसळली आणि कलबुर्गीसह या पट्ट्यात उभी तूर वाळून गेली. 2023 च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारला भरपाई जाहीर करावी लागली.

चाळीस वर्षांचा हिशोब मांडला तर नवं वाण बाहेर आलं की हार-तुरे होतात, पैसाही येतो. शुद्ध पैदासकार बियाणं दरवर्षी राखणं, रोगट रान जिवंत ठेवणं, बुरशी कुठे बदलली ते तपासणं ही कामं मात्र बातमीत येत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला तरतुदीतला उरलासुरला भाग येतो. मारुतीचं यश पुसट झालं ते याच राखणीअभावी. पुढची चाळीस वर्षं टिकवायची असतील, तर नव्या वाणाइतकीच तरतूद जुन्या वाणाच्या बियाण्यासाठी ठेवावी लागेल, आणि ती भरपाईपेक्षा स्वस्त पडेल.