गाडी पेट्रोल पितेय, पण दोष रेग्युलेटरचाच कशावरून?

परभणीत जुनी पेट्रोल गाडी वापरणाऱ्यासमोर ॲव्हरेजचा विषय काढू नये. इथलं पेट्रोल मनमाडच्या डेपोतून टँकरने येतं, वाहतुकीचा खर्च भावात चढतो, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत प्रीमियम पेट्रोलने इथे शंभरी ओलांडली तेव्हा परभणीचं नाव देशभरच्या बातम्यांत होतं. अशा गावात वीस वर्षांची एमपीएफआय गाडी काळा धूर सोडायला लागली, बॉनेटपाशी पेट्रोलचा वास यायला लागला, की कुणीतरी सांगतंच, "फ्युएल प्रेशर रेग्युलेटर गेलाय, बदलून टाका." खरंच गेला असेलही. पण गेलाय हे कळलं कसं?

पेटची तयारी करताना हायपोथिसिसची व्याख्या आपली पाठ होते. ती वापरायची कशी, हे शिकायला हा दोन बोल्टांचा पार्ट फार चांगला आहे. घरी बदलता येतो, आणि चुकीच्या कारणासाठी बदलला तर खिशाला लगेच कळतं.

आधी तो करतो काय ते बघू. टाकीतला पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सतत पुढे ढकलत असतो. ते फिल्टरमधून इंजेक्टरांच्या रेलमध्ये येतं. रेलच्या टोकाला रेग्युलेटर असतो, म्हणजे पत्र्याची एक डबी आणि तिच्या मधोमध रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. स्प्रिंगच्या बाजूला एक बारीक नळी इनटेक मॅनिफोल्डकडून येते. पेट्रोलचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की पडदा सरकतो आणि जास्तीचं पेट्रोल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं. (काही गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच पंपाला जोडलेला असतो. रेलला एकच पाइप दिसला तर तुमची गाडी बहुधा त्या जातीची, मग पुढची कृती तिला लागू नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला तर नाहीच.)

ती बारीक नळी कशासाठी? इथे खरी गंमत आहे. समजा स्प्रिंग ३ बारची आहे. गाडी जागेवर चालू असताना मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ०.६ बारने कमी असतो. नळीतून हा व्हॅक्यूम पडद्याला ओढतो, म्हणून रेलचं प्रेशर २.४ वर येतं. इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक किती? २.४ अधिक ०.६, म्हणजे ३. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ शून्य होतो, रेल ३ वर जाते, फरक पुन्हा ३. म्हणजे रेग्युलेटर प्रेशर कायम ठेवत नाही, फरक कायम ठेवतो.

हे कशाला हवं? कारण इसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, रेलचं प्रेशर कळतच नाही. अशा जुन्या गाड्यांत ते मोजणारा सेन्सर नसतो. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच तो ठरवतो, आणि फरक कायम आहे असं गृहीत धरतो. छिद्रातून वाहणारं पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. व्हॅक्यूमची नळी निसटली तर जागेवर फरक ३ ऐवजी ३.६ होतो. १.२ चं वर्गमूळ काढा, सुमारे १.०९५. तेवढ्याच मिलिसेकंदांत साडेनऊ टक्के जास्त पेट्रोल. इसीयूच्या सगळ्या गणिताखाली एक गृहीतक आहे, आणि ते एका रबरी पडद्यावर उभं आहे. तुमच्या प्रबंधातही असा पडदा कुठे ना कुठे असणार, तो शोधून ठेवा.

आता संशयितांकडे. काळा धूर आणि पडलेलं ॲव्हरेज यामागे फाटलेला पडदा असू शकतो, तसाच गळका इंजेक्टर, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर, चोंदलेला एअर फिल्टरही असू शकतो. लक्षण एक, कारणं चार. म्हणून लक्षणावरून पार्ट बदलायचा नसतो. ज्या चाचणीचं उत्तर या चौघांसाठी वेगवेगळं येईल, ती चाचणी शोधायची.

फाटलेल्या पडद्यासाठी अशी चाचणी आहे आणि ती फुकट आहे. गाडी थोडी चालवा, बंद करा, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बघा. आत ओलं पेट्रोल असेल तर पडदा फाटलाय, दुसरा कुठलाही संशयित तिथे पेट्रोल पोचवत नाही. नुसत्या वासावर जाऊ नका, ती नळी मॅनिफोल्डला जोडलेली आहे, थोडा वास येणारच. ओलावा हवा.

उलट तक्रार असेल, म्हणजे चढावर झटके, पिकअप नाही, खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, तर प्रेशर कमी पडत असावं. तिथे रेग्युलेटरसोबत थकलेला पंप आणि तुंबलेला फिल्टर रांगेत उभे असतात. ओळखीच्या मेस्त्रीकडून प्रेशर गेज जोडून घ्या आणि रिटर्नची रबरी नळी क्लॅम्पने क्षणभर दाबायला सांगा. काटा झपकन वर गेला तर पंपात दम आहे, पेट्रोल रेग्युलेटरमधून निसटतंय. काटा हललाच नाही तर रेग्युलेटर निर्दोष, मागे पंप-फिल्टरकडे चला. क्षणभरच दाबायचं, कारण वाट बंद झाल्यावर प्रेशर बरंच चढतं. प्लॅस्टिकचा पाइप तर दाबायचाच नाही. आणि गेज लावण्यापूर्वी वहीत लिहा: अमुक झालं तर हे, तमुक झालं तर ते. काटा बघितल्यावर लिहिलेलं भाकीत हे भाकीत नसतं. गेजवर किती आकडा यायला हवा तो तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, माझा ३ फक्त उदाहरणाचा.

चाचणीने रेग्युलेटरवर बोट ठेवलं, तर बदलणं सोपं आहे. पण पेट्रोल आहे, हे विसरू नका. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर असतो, पेट्रोलची वाफ त्याच्या आधीच व्हायला लागते, आणि ती वाफ जमिनीलगत सरकत जाते. काम पहाटे, उघड्यावर, थंड इंजिनावर करा. आसपास गॅस, देवघरातला दिवा, बिडी काही नको. पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर कामाची नाही. पाना कधी हातात धरला नसेल तर जाणकार माणूस शेजारी असू द्या.

पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी सुरू करा, रेलमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. आणखी दोन-तीनदा सेल्फ मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. खाली चिंधी धरून व्हॅक्यूमची आणि रिटर्नची नळी काढा, बोल्ट सोडा, रेग्युलेटर सरळ ओढा. जुनी ओ-रिंग त्याच्याबरोबर आली का बघा. बऱ्याचदा ती रेलमध्येच चिकटून राहते, आणि तिच्यावर नवी बसवली की पेट्रोल गळतं. नव्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावून सरळ दाबा, बोल्ट आळीपाळीने कसा. नळी तडकलेली असेल तर पेट्रोलसाठीचीच नळी घ्या, पाण्याची चालत नाही. शेवटी फ्यूज-बॅटरी जोडून चावी दोन-तीनदा नुसती ऑन-ऑफ करा, म्हणजे पंप रेल भरेल. बॅटरीवर चालणाऱ्या टॉर्चने गळती तपासा. थेंबही दिसला तर सुरू करू नका.

गाडी आता मस्त चालतेय. सिद्ध झालं? थांबा. तुम्ही बॅटरीची वायर काढली होती. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याने इसीयूने शिकून ठेवलेली दुरुस्ती पुसली जाते, आणि नुसत्या तेवढ्यानेही गाडी काही दिवस वेगळी वागू शकते. म्हणजे बदल एक नाही, दोन झाले. हे वेगळं करायचं असेल तर पार्ट बदलण्याच्या आठवडाभर आधी फक्त बॅटरी काढून-जोडून बघा, काय फरक पडतो ते लिहा, मग रेग्युलेटर बदला. ॲव्हरेजही एका टाकीवर ठरवू नका. एकच पंप, टाकी फुल, परभणी-गंगाखेड-परभणीसारखा एकच रस्ता, बदलाच्या आधी तीनदा आणि नंतर तीनदा. तेव्हा आकड्याला अर्थ.

"हे सगळं इथेनॉलमुळे होतं," असं हल्ली हमखास ऐकू येतं. इथेनॉलने काही जातीची रबरं फुगतात हे खरं आहे, आणि पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण दहा टक्क्यांवरून वीसकडे गेलं हेही खरं. पण तुमचा पडदा वीस वर्षांचा आहे, वयानेही फाटला असता. एका गाडीवरून या दोन कारणांत निवाडा होत नाही. त्याला एकाच वयाच्या, वेगवेगळं पेट्रोल प्यायलेल्या पुष्कळ गाड्या लागतील, किंवा प्रयोगशाळेत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेले रबराचे तुकडे.

काढलेला रेग्युलेटर भंगारात देऊ नका. दोन-चार दिवस उघड्यावर पूर्ण सुकू द्या, मग हाताच्या करवतीने डबी सावकाश कापा, ग्राइंडर नको. पडदा कडेला चिरलाय, मधे भोक पडलंय, की शाबूत आहे आणि दोष स्प्रिंगचा निघाला, ते बघा आणि फोटो काढून तारखेसह वहीत चिकटवा. शाबूत निघाला आणि नळी ओली होती, तर प्रकरण अजून उघडंच आहे.