दगडाचा चुरा आगीत काँक्रीटला तारतो का?

वडोदरा : ११ नोव्हेंबर २०२४ रोजी इथल्या कोयली रिफायनरीत बेंझिनच्या टाकीला आग लागली आणि दोघांचा जीव गेला. अशा आगीत लोखंड वाकतं ते दिसतं. काँक्रीटचं काय होतं?

काँक्रीट जळत नाही, पण साधारण ३०० अंशांनंतर त्याची ताकद घटू लागते. ५७३ अंशांला वाळूतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, तडे जातात. आत कोंडलेल्या वाफेने खपल्या उडतात आणि सळ्या उघड्या पडतात. ६०० अंशांच्या आसपास सळईचा जोर जवळपास निम्म्यावर येतो.

म्हणून दगड कुठला, हे महत्त्वाचं. शेजारच्या छोटा उदेपूरचा डोलोमाइट किंवा संगमरवर यांत क्वार्ट्झ फारसं नसतं. शिवाय खूप तापल्यावर त्यांचं विघटन होताना ते उष्णता शोषून घेतात. वाळूचा काही हिस्सा काढून त्यांचा टाकाऊ चुरा घातला, तर काँक्रीट जास्त वेळ तग धरू शकतं. काळा बेसाल्टही बरा. ग्रॅनाइटच्या चुऱ्यात मात्र क्वार्ट्झ भरपूर.

पण चुरा म्हणजे जादू नव्हे. बारीक भुकटी जास्त झाली की काँक्रीट घट्ट होतं, वाफेला वाट मिळत नाही. आणि सळईवरचं कव्हर कमी असेल तर चुरा काय करणार? आयएस ४५६ नुसार दोन तास आग सोसायची तर साध्या आधाराच्या स्लॅबला ३५ मिलिमीटर कव्हर लागतं. स्लॅब भरण्याआधी मालकाने तेवढं मोजून घ्यावंच.