जांभळी थाळी

गेल्या पंधरवड्यात नातीने चेहऱ्यास लावावयाच्या लेपाची एक बरणी माझ्या हाती दिली. तिच्यावरील ‘समुद्रशैवालयुक्त, विषाणुरोधक’ ही सोनेरी अक्षरे वाचली, आणि ज्या दोन शब्दांची सांगड घालण्यासाठी आम्ही एका प्रयोगशाळेत दहा वर्षे झिजलो, ते शब्द कोणा व्यापाऱ्याने असे बिनदिक्कत शेजारी बसवावेत, ह्याचा विषाद मला लपविता आला नाही.

पूर्वेतिहासात मला फारशी गोडी नाही. १९५८ साली लाल शैवालातील बहुशर्करेने अंड्यातील भ्रूणाचे इन्फ्लुएंझा व गालगुंडाच्या विषाणूंपासून रक्षण होते असे दिसले. सत्तरीच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाल शैवालांचे अर्क ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिसवर चालतात असे कळले. आणि मधल्या काळात जे घडले ते ज्याला हवे त्याने ग्रंथालयात पाहावे.

माझे दशक १९८५ ते १९९५. थंडीतल्या अमावास्येच्या ओहोटीला मालवणच्या खडकांवर गुडघाभर पाण्यात हिप्निया नावाचे ते गुंतवळासारखे शैवाल आम्ही खुडीत असू, तेव्हा होडीवाला दर खेपेस विचारी, “ह्या कित्याक व्हया तुमका?” आणि दर खेपेस आमचे उत्तर निराळे असे. सावलीत सुकवून, दळून, उकळून, गाळून घेतलेल्या त्या काढ्यात मद्यार्क ओतला की पांढुरके तंतू दुधाच्या सायीसारखे वर येत. मात्र त्या मद्यार्कासाठी दारूबंदी खात्याचा परवाना, परवान्यासाठी अर्ज, आणि अर्जासाठी बारनिशीत तगादा, असा सारा जामानिमा असे.

पुढचा भाग मात्र आजही डोळ्यांपुढे आहे. माकडाच्या मूत्रपिंडातून निघालेल्या व्हेरो पेशींचा थर थाळीत वाढवावयाचा, त्यावर हर्पिस सोडावयाचा, काही दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेट ओतावयाचे. हेच ते दवाखान्यातले जांभळे औषध, ज्याचे डाग माझ्या नखांवरून कधी उतरले नाहीत. विषाणूने जेथे पेशी मारल्या तेथे जांभळ्यात पांढरी भोके दिसत. अर्क घातलेली थाळी मात्र अखंड जांभळी, एखाद्या नव्या लुगड्यासारखी.

रुग्णांच्या त्वचेवर लेप लावून पाहण्याची दरखास्त आम्ही तीनदा पाठविली आणि तिन्ही वेळा तिच्यावर साहेबांचा एकच शेरा आला : ‘उपयुक्तता सिद्ध झाल्यास पुनर्विचार व्हावा.’ उपयुक्तता सिद्ध व्हावी म्हणूनच अर्ज होता, हे कळण्याइतकी बुद्धी त्या गृहस्थांस नव्हती, असे मी वर्षानुवर्षे मानीत आलो. आज वयपरत्वे एवढे कबूल करतो की, ते अर्धे तरी बरोबर असावेत. शैवालातील सल्फेटचा ऋणभार विषाणूस पेशीच्या उंबरठ्यावरच अडवितो. तो आत शिरला की अर्काचे काही चालत नाही. ज्यांच्या कार्यास १९८८ चे नोबेल मिळाले त्या गर्ट्रूड एलियन ह्यांच्या प्रयोगशाळेतून आलेले असायक्लोविर हे औषध पेशीच्या आत जाऊन काम करते. आमच्याकडे तर हर्पिसच्याच कुळातल्या नागिणीचा रोगी आधी गेरूचा लेप लावून पाहतो, आणि नंतर, फोड उठून गेल्यावर, येतो! मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसलेल्या विषाणूला बाहेरचा लेप काय करणार?

असा लेप मोठ्या प्रमाणावर तपासला गेला तो दक्षिण आफ्रिकेत, आणि तोही त्वचेसाठी नव्हे, तर एच.आय.व्ही.च्या प्रतिबंधासाठी. लाल शैवालातील कॅरॅजीनन ह्या बहुशर्करेचे ते जेल सहा हजारांवर स्त्रियांत पारखले गेले. जेल मिळालेल्या गटात १३४ जणींना आणि कॅरॅजीनन नसलेला नुसता लेप मिळालेल्या गटात १५१ जणींना लागण झाली, म्हणजे फरक म्हणावा असा फरक नव्हता. २००८ साली निष्कर्ष आला : निर्धोक, पण निष्प्रभ. ते वाचले त्या रात्री मी जेवलो नाही, हे घरात कोणास ठाऊक नाही.

बरणीवरील बारीक अक्षरांची यादी मी भिंग घेऊन वाचली. कॅरॅजीनन शेवटून तिसरे होते, बहुधा लेप दाट व्हावा एवढ्याचसाठी.

“आजोबा, लावू ना मग?” नातीने विचारले.

“लाव,” मी म्हणालो, “अपाय काही नाही.”