सुईदोऱ्याने लिहिलेले आत्मचरित्र : एस्थर निसेंथाल क्रिनित्झ

स्मृतींचे वस्त्रचित्र, म्हणजे प्रत्यक्ष आठवणीतील प्रसंग कापड आणि दोरा यांतून उभे करणारी कलाकृती, किती मोठा आवाका पेलू शकते याचे विलक्षण उदाहरण म्हणजे एस्थर निसेंथाल क्रिनित्झ (1927–2001) यांची 36 चित्रे होत. पोलंडमधील म्निशेक या खेड्यात जन्मलेल्या या ज्यू मुलीने ऑक्टोबर 1942 मध्ये, नाझींनी सर्व ज्यूंना रेल्वे स्थानकावर हजर होण्याचा हुकूम दिला तेव्हा, तो मानण्यास नकार दिला, आणि धाकट्या बहिणीसह कॅथलिक शेतमजूर मुलगी असल्याचे भासवून ती जगली. कुटुंबातील इतर मात्र परतले नाहीत.

पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एस्थर यांनी 1977 मध्ये, वयाच्या पन्नाशीत, आपले बालपणीचे घर मुलींना दिसावे म्हणून पहिले चित्र शिवले. चित्रकलेचे शिक्षण नसले तरी शिवणकाम हा त्यांचा व्यवसायच होता. त्यामुळे अप्लिक, म्हणजे कापडाचे कापलेले आकार पायाच्या कापडावर शिवून बसवण्याचे तंत्र, आणि भरतकाम यांच्या संयोगातून त्यांनी शेते, फुले, माणसे घडवली. सैनिकांवर तुटून पडलेल्या मधमाश्यांमुळे आपला बचाव झाला, हा प्रसंगही त्यात आहे. प्रसंगाचे वर्णनही त्या चित्राखाली टाक्यांनीच लिहीत, आणि या अक्षरांमुळेच ही मालिका कलेइतकीच साक्षीच्या मोलाची ठरते. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हाती सुई असेल, तर तिच्या आठवणीही कापडावर उतराव्यात यासाठी वाचकांनी आग्रह धरावा.