पऱ्हाटीच्या मुळाशी चालणारा पंप

खारपाणपट्ट्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. काळीभोर जमीन खोल आहे, विहिरीला पाणीही लागतं. पण ते खारं. तरी त्याच वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी राहते. ती कशी तगते, हे मला समजून घ्यायचं होतं.

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 साली स्थापन झालं. त्याच्या कार्यक्षेत्रातला हा एक अवघड प्रश्न. पण त्याचं मूळ उत्तर पऱ्हाटीच्या पेशीभोवतीच्या पातळ पटलात आहे.

त्या पटलात प्रोटॉन पंप नावाचं विकर बसलेलं असतं. पेशीचं इंधन असलेला एटीपीचा रेणू तोडून ते हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतं. बाहेर त्यांची दाटी होते आणि ते परत आत शिरू पाहतात. उतारावरच्या पाण्याने चाक फिरावं, तसा त्यांच्या ओढीवर शेजारचा दुसरा प्रथिन-दरवाजा चालतो: एक हायड्रोजन आत, खाऱ्या पाण्यातून शिरलेलं एक सोडियम बाहेर. उरलेलं काही सोडियम पेशीच्या रिक्तिकेत कोंडलं जातं. त्या कोठाराच्या भिंतीलाही स्वतःचे पंप आहेत. आपल्या शरीरात सोडियम बाहेर काढण्याचं काम थेट एटीपीवर होतं. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत सोडियम-पोटॅशियम पंपाचं विकर दाखवलं. एका एटीपीवर तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. 1997 मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

पऱ्हाटीच्या या यंत्राचं कौतुक वाटतं, तशी काळजीही वाटते. पंपाला लागणारं एटीपी पानांनी बनवलेल्या साखरेतून येतं. मीठ बाहेर काढण्यात खर्च झालेली साखर बोंडात उतरत नाही. शिवाय साखरेतून पुरेसं एटीपी काढायला मुळाला हवा लागते, आणि सोडियम नेमकी तीच तोडतं. त्याने चिकणमातीचे कण विखुरतात, भेगा-छिद्रं बुजतात. जोराच्या पावसात वावर चिबडतं, मुळं गुदमरतात, पंप मंदावतो आणि मीठ आत शिरतं. म्हणजे खार सहन करणारं वाण निवडलं, तरी अर्धंच काम झालं.

उरलेलं काम मातीत करायचं आहे. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचं सोडियम सुटं करतं. शेततळ्यातलं पावसाचं गोडं पाणी ऐन ताणाच्या वेळी पिकाला देता येतं. पण सुटलेलं सोडियम वाहून जायला निचरा हवा, आणि पूर्णाकाठची जमीन जवळजवळ सपाट आहे. एकट्याने चर खणला, तर त्याचं खारं पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्याशी तुंबतं. वाण एक शेतकरी निवडू शकतो. नाल्यापर्यंतचा चर सगळ्या शिवाराने मिळूनच काढावा लागतो. सरकारी पैसा आणि गावाची एकजूट आधी तिथे लागली पाहिजे.