बर्फावर पाय ठेवण्याआधी

हिवाळ्यात मनालीला निघालेल्या उपनगरांतील कुटुंबांच्या सामानात लोकरी टोप्या आणि हातमोजे हमखास असतात. बर्फावर लागणारी पायांची तयारी मात्र क्वचितच असते. सोलंग खोऱ्यात भाड्याचा पोशाख चढवायचा, क्षणभर स्कीवर उभे राहून छायाचित्र काढायचे आणि परतायचे, एवढाच अनेकांचा स्कीइंगशी परिचय.

त्याच सोलंगच्या उतारांनी देशाला अव्वल खेळाडू दिले आहेत. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे स्लॅलम प्रकारात कांस्यपदक पटकावले. आंतरराष्ट्रीय स्कीइंगमधील भारताचे पहिले पदक म्हणून ते नावाजले गेले. तिचा भाऊ हिमांशू २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये उतरला होता. गुलमर्गचा आरिफ खान चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिला. गावात वडिलांचे स्की-साहित्याचे दुकान होते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता. सोलंग आणि गुलमर्गची याहून चांगली जाहिरात कोणती असणार? मात्र या मुलांचे बालपण ज्या उतारांवर गेले, तिथे आपली मुले एका दुपारीपुरती जातात, हे पालकांनी विसरू नये.

स्कीइंगमध्ये गुडघे सतत किंचित वाकलेले राहतात. शरीराचा भार मांड्यांचे स्नायू पेलतात. ते थकले की तोल जातो, स्की एका दिशेला आणि शरीर दुसऱ्या दिशेला वळते आणि गुडघ्याचा अस्थिबंध पिळवटतो. ही या खेळातील नेहमीची दुखापत. लोकलमध्ये तासभर उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे.

तयारीला बर्फ लागत नाही. सहलीच्या सहा ते आठ आठवडे आधी, भिंतीला पाठ टेकवून, अदृश्य खुर्चीवर बसल्याप्रमाणे अर्धा मिनिट थांबावे. वेळ हळूहळू वाढवावी. दात घासताना एका पायावर तोल सांभाळावा. उद्वाहन टाळून जिने चढावेत. रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहकुटुंब चालत जावे. घाटकोपरच्या मॉलमधील कृत्रिम बर्फात मुलांना थंडीची ओळख होईल. उताराची मात्र होणार नाही. गुडघ्याचे जुने दुखणे, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उतारावर पोहोचल्यावर शिरस्त्राणाविना स्कीवर उभे राहू नये. पडताना बूट स्कीपासून सुटावेत यासाठी त्यांची पकड वजनानुसार जुळवलेली असावी लागते. साहित्य भाड्याने घेताना ते आवर्जून विचारावे. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परावर्तित करतो, म्हणून ढगाळ दिवशीही काळा चष्मा आणि त्वचेला संरक्षक मलम हवेच. थंडीत तहान जाणवत नाही. तरीही पाणी पीत राहावे. पडणार असे वाटताच धडपडत उभे राहण्याऐवजी कुशीवर बसते व्हावे.

दोनच दिवस हाताशी असतील, तर पहिला दिवस प्रशिक्षकाकडून थांबायला शिकण्यासाठी राखून ठेवावा. घसरणे बर्फ शिकवतो. थांबणे मात्र माणसालाच शिकावे लागते. ते साधले की मुलांना पुढच्या हिवाळ्यात पुन्हा यावेसे वाटेल, आणि ती स्वतःच्या पायांवर घरी परततील.