शरणपूरचे डीकन आणि मोंबासाचे बिशप

लेखमाला : समुद्रापलीकडचे शेजारी – लेखांक सहावा

मागच्या लेखात आपण जून १८७३पर्यंत आलो होतो. झांझिबारचा सुलतान बरगश यानं करारावर सही केली आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. ही बोलणी सुरू करायला गेले होते सर बार्टल फ्रेअर, मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर. आफ्रिकेहून परतताना त्यांनी चर्च मिशनरी सोसायटीकडे एक आग्रह धरला. नौदल ज्या गुलामांना जहाजांवरून सोडवतं त्यांची वसाहत आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर करा आणि ती चालवायला माणसं नाशिकहून न्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

नाशिकच का, याचं उत्तर शरणपूरमध्ये आहे. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या किती जणांना याची कल्पना असेल कोण जाणे, पण १८५०च्या दशकात सोसायटीनं तिथं ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिच्यात आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रमशाळा चालवली. अरबी समुद्रात ब्रिटिश जहाजं गुलामांची गलबतं पकडत आणि त्यांतली मुलं मुंबई बंदरात उतरवत. त्यांतली बरीचशी शरणपूरला येत. तिथं सुतारकाम, लोहारकाम शिकत, शाळेत इंग्रजी शिकत, आणि आजूबाजूला बोलली जाणारी मराठी आपसूक कानावर पडे. डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्याबरोबर असलेला जेकब वेनराइट याच शाळेचा. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्यानं वाचली, झाडाच्या खोडावर त्यांचं नाव कोरलं आणि पुढं वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा दिला.

शाळेचे प्रमुख विल्यम सॉल्टर प्राइस १८७४ साली मोंबासाला निघाले. खाडीपलीकडे मुख्य भूमीवर त्यांनी जी वसाहत उभारली तिला फ्रेअर टाउन हे नाव मिळालं. शरणपूर आणि मुंबईकडून तिथं गेलेले सुमारे दीडशे लोक ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. शिक्षक, सुतार, दुभाषे, धर्मोपदेशक अशी वसाहतीची सगळी कामं त्यांच्याच हातात होती. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघं तर त्याच्याही दहा वर्षं आधी, १८६४मध्ये, रबाईला गेले होते. रबाई हे मोंबासामागच्या टेकड्यांमधलं ठाणं. योहान क्राप्फ आणि योहान्नेस रेबमान या जर्मन मिशनऱ्यांनी ते १८४६मध्ये सुरू केलं होतं. क्राप्फ यांची पत्नी आणि तान्ही मुलगी १८४४मध्येच मोंबासाला मरण पावल्या होत्या. रेबमान मात्र १८७५पर्यंत तिथंच राहिले आणि शेवटी जवळजवळ आंधळे होऊन परतले.

या सगळ्या काळात तिथं बिशप नव्हता. मॉरिशसचे बिशप रॉयस्टन १८७८मध्ये आणि १८८३मध्ये जहाजानं येऊन दृढीकरणाचे विधी उरकून गेले, तेवढंच. अखेर १८८४मध्ये ‘ईस्टर्न इक्वेटोरियल आफ्रिका’ नावाचा नवा धर्मप्रांत तयार झाला. आजचा केनिया, युगांडा आणि टांझानियाचा मोठा भाग त्यात येत होता. जेम्स हॅनिंग्टन त्याचे पहिले बिशप झाले. जानेवारी १८८५मध्ये ते फ्रेअर टाउनला पोचले आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी, त्र्यैक्य रविवारी, त्यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. आजच्या केनियातल्या अँग्लिकन चर्चचे हे पहिले आफ्रिकन दीक्षित. दोघंही लहानपणी धरून विकले गेलेले, दोघंही शरणपूरचे.

जुलैमध्ये हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले. जुना रस्ता दक्षिणेकडून, व्हिक्टोरिया तळ्याला वळसा घालून जाणारा, लांबचा आणि तापाचा. त्याऐवजी मसाई मुलुखातून सरळ पश्चिमेला जायचं त्यांनी ठरवलं. युगांडात असलेले मिशनरी अलेक्झांडर मॅके यांनी असं करू नका म्हणून लिहून कळवलं होतं, पण ते पत्र वेळेत पोचलं नाही. आपलं राज्य बुडवणारे पूर्वेकडून येतील अशी भीती युगांडातल्या बुगांडा राज्यात होती, आणि किनाऱ्यावर जर्मनांनी पाय रोवल्याच्या बातम्याही नुकत्याच तिथं आल्या होत्या. तांड्यात सुमारे दोनशे हमाल होते, आणि बिशपच्या जोडीला दीक्षित असे एकटे जोन्सच. ऑक्टोबरच्या मध्याला, आजच्या मुमियासजवळ, हॅनिंग्टन यांनी तांडा दोन भागांत विभागला. पन्नास माणसं घेऊन ते पुढं गेले आणि बाकी सगळे जोन्स यांच्या हवाली केले. बुसोगात त्यांना धरून आठवडाभर कोंडलं गेलं आणि २९ ऑक्टोबरला बुगांडाचा राजा (कबाका) म्वांगा याच्या हुकमावरून मारलं. बरोबरच्या हमालांपैकी जवळजवळ सगळे त्यांच्यासोबत मारले गेले.

इतिहासाची पुस्तकं इथं हॅनिंग्टन यांच्यापाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे. त्यांनी कोठडीत लिहिलेली रोजनिशी वाचवली गेली, ती लोकांनी वाचली, पुढं १८९२च्या शेवटच्या दिवशी त्यांच्या अस्थी कंपालात नमिरेंबे टेकडीवर विधिपूर्वक पुरल्या गेल्या. पण मला त्याच वेळी मुमियासजवळ थांबलेल्या जोन्स यांच्याकडेही पाहावंसं वाटतं. बातमी आली तेव्हा त्यांच्यापाशी दीडशे भेदरलेली माणसं होती, शिधा आणि माल संपत आला होता, आणि परतीची वाट शेकडो मैलांची. कुणी जिवंत सुटून आलं तर मागं राहायला नको म्हणून ते काही आठवडे तिथंच थांबले. मग तांडा फिरवला. फेब्रुवारी १८८६मध्ये तो रबाईला पोचला. पुढं निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द : ईखाबोद. ‘जुन्या करारा’तल्या शमुवेलाच्या पुस्तकात हे नाव आहे, वैभव गेलं हा त्याचा अर्थ ते वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. एवढ्या माणसांना जिवंत परत आणणं हे नेतृत्व नव्हे तर काय? त्यांचं पद मात्र अजून डीकनचंच होतं.

तीन वर्षांनी रबाईला आणखी एक प्रसंग आला. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मालकांकडून पळालेले गुलाम टेकड्यांमध्ये आसरा शोधत. मिशनच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी मालकांना शब्द दिला होता की पळून आलेल्यांना आम्ही ठेवून घेणार नाही. रबाई चालवणारे जोन्स मात्र कुणालाही परत पाठवत नव्हते. आलेल्यांनी जमीन कसली, घरं बांधली, ते प्रार्थनेला येऊ लागले. १८८८मध्ये प्राइस पुन्हा आले तेव्हा हे उघडकीला आलं आणि मालक हल्ल्याच्या गोष्टी करू लागले. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी मध्ये पडले, साडेतीन हजार पौंडांच्या आसपास भरपाई ठरली आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईला मुक्ततेचे कागद वाटले गेले. चौदाशेहून अधिक माणसं त्या दिवशी कायद्यानं मोकळी झाली. मिशननं दिलेला शब्द मोडणारा हा माणूस स्वतः एकदा बाजारात विकला गेला होता, हे लक्षात घेतलं की त्याच्या वागण्याचं वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

तरीही जोन्स आणि सेमलर यांना डीकनपासून प्रीस्ट होण्यासाठी १८९५ उजाडावं लागलं. इंग्लंडमध्ये या दोन दीक्षांमध्ये साधारण वर्षाचं अंतर असे. इथं दहा वर्षं गेली.

याचं कारण केवळ मोंबासात शोधून सापडत नाही. सोसायटीचे जुने सचिव हेन्री व्हेन यांचा आग्रह होता की मिशननं स्थानिक चर्च स्वतःच्या पायावर उभं करावं आणि बाजूला व्हावं. त्याच विचारातून १८६४मध्ये सॅम्युएल अजायी क्राउथर नायजरचे बिशप झाले. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले आणि ब्रिटिश नौदलानं सोडवलेले, म्हणजे जोन्स यांच्याच वाटेनं आलेले. व्हेन १८७३मध्ये वारले. त्यानंतर विद्यापीठांतून आलेल्या तरुण, कडक धार्मिक मिशनऱ्यांची पिढी आफ्रिकेत उतरली. त्यांना आफ्रिकन सहकाऱ्यांत फक्त उणिवा दिसल्या. १८९०मध्ये त्यांनी म्हाताऱ्या क्राउथर यांचे अधिकार काढून घेतले. पुढच्या वर्षी ते वारले आणि त्यांच्या जागी गोरा बिशप आला. हीच हवा पूर्व किनाऱ्यावरही होती. बॉम्बे आफ्रिकनांचे पगारावरून आणि मानपानावरून मिशनऱ्यांशी वारंवार खटके उडत. इंग्रजी बोलणारे, इंग्रजी कपडे घालणारे, हिशेब ठेवणारे हे लोक ‘खरे आफ्रिकन’ नाहीत, असं त्यांच्याविषयी बोललं जाई. ज्या शिक्षणासाठी त्यांना नाशिकहून आणलं, तेच आता त्यांचा दोष ठरलं, आणि हे वाचताना आजही चीड येते.

दरम्यान बिशपची खुर्ची एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. हॅनिंग्टन यांच्या जागी कलकत्त्यात काम केलेले हेन्री पार्कर आले आणि मार्च १८८८मध्ये व्हिक्टोरिया तळ्याच्या दक्षिणेला तापानं गेले. तिसरे आल्फ्रेड टकर. ते हाडाचे चित्रकार होते आणि बिशप म्हणून वेगळ्याच वळणाचे. युगांडात त्यांनी १८९३मध्ये बुगांडातल्या सहा जणांना डीकन केलं आणि तीनच वर्षांनी प्रीस्टची दीक्षा देऊ लागले. चर्चच्या घटनेत गोऱ्या मिशनऱ्यांनीही आफ्रिकनांच्या बरोबरीनं, एकाच सभेत बसावं, असा त्यांचा हट्ट होता. मिशनऱ्यांनी तो बारा वर्षं लांबवला आणि १९०९मध्ये पातळ करून मान्य केला. याच टकर यांनी जोन्स आणि सेमलर यांना प्रीस्ट केलं.

धर्मप्रांत दुभागल्यावर टकर युगांडाचे बिशप राहिले आणि १८९९मध्ये विल्यम पील मोंबासाचे झाले. पील आणि त्यांच्यानंतर १९१८मध्ये आलेले रिचर्ड हेवूड हे दोघंही मुंबईकडचं मिशनकाम केलेले. पील यांच्या काळात मोंबासाचं मेमोरियल कॅथीड्रल उभं राहिलं. किनाऱ्यावरच्या वास्तुरीतीला धरून त्याला घुमट आणि कमानी दिल्या गेल्या. १९१३मध्ये पील यांनी किकुयू इथं स्कॉटिश आणि इतर पंथांच्या मिशनऱ्यांना एकाच मेजावरून प्रभुभोजन दिलं आणि त्यावरून झांझिबारच्या बिशपनी त्यांच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला. तो वाद इंग्लंडपर्यंत गेला. एवढ्या तावातावानं चाललेल्या त्या चर्चेत आफ्रिकन पाळकांचं मत मात्र कुणी विचारलं नाही.

हेवूड गेले, १९३६मध्ये रेजिनल्ड क्रॅब आले, १९५३मध्ये लेनर्ड बीचर. बीचर यांनी त्याआधी कायदेमंडळात आफ्रिकनांचे हितसंबंध मांडणारे नियुक्त सभासद म्हणून काम केलं होतं. ते प्रामाणिक होते, आफ्रिकन शिक्षणाचा कळकळीनं विचार करणारे होते. पण आफ्रिकनांच्या वतीनं गोऱ्या पाद्र्यानं बोलायचं, ही व्यवस्थाच आता टिकणारी नव्हती. युगांडात १९४७मध्ये अबेरी बाल्या सहायक बिशप झाले होते. केनियाची पाळी आली १५ मे १९५५ला. मध्य केनियात माऊ माऊचा उठाव आणि आणीबाणी चालू होती. अशा वेळी कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी कंपालात फेस्टो ओलांग आणि ओबाडाया करियुकी यांना बिशपपदाची दीक्षा दिली, तीही बीचर यांचे सहायक म्हणून. ओलांग १९७०मध्ये केनियाचे पहिले आर्चबिशप झाले.

खुद्द मोंबासाच्या खुर्चीवर मात्र १९६४मध्ये, स्वातंत्र्यानंतर, पीटर म्वांगोम्बे बसले. बीचर नव्या नैरोबी धर्मप्रांताकडे गेले होते आणि मोंबासा आक्रसून पुन्हा किनाऱ्यापुरता उरला होता. शरणपूरच्या दोघांना डीकनपद मिळाल्याला तेव्हा ७९ वर्षं झाली होती. माणसं नव्हती म्हणून एवढा उशीर झाला, असं काही जुने इतिहासकार सुचवतात. रबाई सांभाळणारा माणूस १८८६मध्येच होता. त्याच्यावर भरवसा टाकणारे तेव्हा नव्हते.

पील यांच्यावर पाखंडाचा आरोप ठेवणारे झांझिबारचे बिशप फ्रँक वेस्टन हे वेगळंच प्रकरण आहे. विधींच्या बाबतीत अतिशय कर्मठ असलेल्या याच माणसानं आफ्रिकन मजुरांच्या सक्तीच्या श्रमाविरुद्ध ब्रिटिश सरकारला उघड आव्हान दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याविषयी.